हे पान सोडून

आपल्या फोनची किंवा टेबलावरच्या संगणकाची स्मृती पानांमध्ये विभागलेली असते. ‘पान’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. यंत्राच्या कारभारातली ती अधिकृत संज्ञा आहे आणि साठ वर्षांहून अधिक काळ रूढ आहे. बहुतेक यंत्रांत एक पान ४०९६ बाइटचे असते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क’ला तीन, त्यावरच्या वेलांटीला आणखी तीन. म्हणजे सलग मराठी मजकुराची जेमतेम १३६५ चिन्हे एका पानावर मावतात. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या संगणकात अशी ४१,९४,३०४ पाने असतात, आणि तरीही ती पुरत नाहीत.

पुरेनाशी झाली की एखादे पान रिकामे करावे लागते. कोणते करायचे, हे कर्नल ठरवतो. हा कर्नल लष्करातला नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला हे नाव आहे. स्मृती, प्रोसेसर, डिस्क यांची वाटणी तोच करतो, आणि आपण उघडतो ते प्रत्येक ॲप त्याच्याकडे जागेसाठी हात पसरते. पानावरचा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवायचा, मोकळी जागा दुसऱ्याला द्यायची, आणि पहिल्याला तो मजकूर पुन्हा लागला की शोधून परत आणायचा, असा हा अखंड व्यवहार आहे.

या व्यवहाराचा इतिहास तंत्रज्ञ सहसा वेगाचा इतिहास म्हणून लिहितात. मी अभियंता नाही. जुने शोधनिबंध आणि कर्नलबरोबर येणारी दस्तऐवजे आपल्या आपण वाचत गेलो, आणि वाचताना मला वेगापेक्षा दुसरीच गोष्ट दिसत राहिली. कोणते पान निरुपयोगी आहे, हा निर्णय माणसाकडून यंत्राकडे गेला तो १९६२ च्या सुमारास. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पिढीत कोणीतरी येऊन म्हणाले आहे, तू ठरव, पण हे पान सोडून. आज लिनक्सच्या कर्नलमध्ये या म्हणण्याला ‘फिल्टर’ असे नाव आहे. तिथपर्यंतचा प्रवास या लेखात मांडायचा आहे.

सुरुवात मँचेस्टरपासून करावी लागते. त्याआधी १९५६ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंच यांनी आपल्या प्रबंधात अशाच यंत्राची कल्पना मांडली होती, पण ती कागदावर राहिली. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेला ॲटलस हा संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाला. त्याच्या जलद स्मृतीत, म्हणजे चुंबकीय कड्यांच्या कोअर स्मृतीत, १६,३८४ शब्द मावत. (‘शब्द’ म्हणजे ४८ बिटांची एक ओळ.) जोडीला फिरते चुंबकीय ड्रम होते, त्यांवर ९८,३०४ शब्द. कोअरमधला शब्द काही मायक्रोसेकंदांत हाती येई, ड्रमवरचा यायला सरासरी सहा मिलिसेकंद. हजारो पटींचा फरक.

तोपर्यंत ही ने-आण कार्यक्रम लिहिणारा माणूस स्वतः करत असे. कामाचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा केव्हा कोअरमध्ये आणायचा आणि कशाच्या जागी बसवायचा याचे वेळापत्रक आखायचे. लहान खोलीत मोठा संसार मांडणाऱ्याला हे सांगायला नको. रात्री गाद्या घालायच्या तर दिवसाचे टेबल उचलायचे. कार्यक्रम लिहिण्याइतकीच मेहनत या उचलठेवीत जाई.

टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी एडवर्ड्स, लॅनिगन आणि समनर यांनी १९६२ मध्ये लिहिलेला निबंध ‘एकपातळी साठवण’ या कल्पनेचा आहे. कोअर आणि ड्रम मिळून एकच मोठी स्मृती आहे असे लिहिणाऱ्याने खुशाल समजावे. उचलठेव यंत्र करील. त्यासाठी कोअरचे ५१२ शब्दांचे एक, अशी ३२ पाने पाडली. प्रत्येक पान वापरले गेले की नाही याची एक खूण यंत्र ठेवी, आणि ठरावीक अंतराने एक छोटा कार्यक्रम त्या खुणा वाचून पुसून टाकी. त्याला त्यांनी नाव दिले होते ‘शिकणारा कार्यक्रम’. १९६२ मध्ये!

हा कार्यक्रम प्रत्येक पानाबद्दल दोनच आकडे लक्षात ठेवी. पान आता किती वेळ पडून आहे, आणि मागच्या खेपेला किती वेळ पडून राहिले होते. मागच्या खेपेपेक्षा जास्त वेळ पडून असेल, तर त्याचे काम संपले असे धरायचे आणि ते काढायचे. असे एकही नसेल, तर ज्याची पुन्हा गरज सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज निघतो ते काढायचे. फेऱ्या मारणाऱ्या हिशेबांत ही युक्ती छान चाले. फेऱ्या न मारणाऱ्या कामांत ती फारशी उपयोगी पडत नाही, असे पुढच्या अभ्यासात दिसले.

मला ॲटलसमधली दुसरीच एक वस्तू जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक पानाच्या पत्त्याबरोबर तिथे एक जादा अंक होता, कुलपाचा. ड्रमशी देवघेव चालू असताना त्या पानाला हे कुलूप लागे, म्हणजे अर्धवट आलेल्या मजकुराला कोणी हात लावू नये. म्हणजे आपोआप निर्णय घेणाऱ्या पहिल्याच यंत्रात ‘हे पान सध्या हिशेबात धरू नये’ असे म्हणण्याची सोय होती. फक्त ती यंत्राची यंत्रासाठी होती. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हातात तिची किल्ली नव्हती, आणि नसावी हाच त्या रचनेचा अभिमान होता.

पुढची सात-आठ वर्षे हा अभिमान खरा आहे की नाही, याचीच तपासणी चालली. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेले लास्लो बेलाडी आयबीएममध्ये होते. त्यांनी १९६६ मध्ये पाने निवडण्याच्या पद्धतींची तुलना केली आणि आदर्श पद्धत कोणती हे एका वाक्यात मावेल असे सांगितले. ज्या पानाची गरज भविष्यात सर्वांत लांब आहे, ते काढावे. अर्थात त्यासाठी भविष्य कळावे लागते. म्हणून ही पद्धत कधीच वापरता येत नाही, तिच्याशी बाकीच्यांची उंची मोजता येते एवढेच. आयबीएममधलेच डेव्हिड सेअर यांनी १९६९ मध्ये यंत्राने केलेली उचलठेव आणि माणसाने हाताने आखलेली उचलठेव शेजारी ठेवून मोजली. यंत्र माणसाच्या तोडीचे ठरले. हे सेअर मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ, आणि फोरट्रान भाषा घडवणाऱ्यांपैकी एक; एका आयुष्यात माणसे किती खोल्यांतून फिरून येत, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मधल्या काळात एक संकट उभे राहिले होते. एका यंत्रावर अनेक कामे एकदम चालू लागली, तेव्हा कधीकधी सगळे ठप्प होई. एकाची पाने काढून दुसऱ्याला द्यावीत तर पहिल्याला ती लगेच हवी असत. ती आणण्यासाठी तिसऱ्याची काढावी लागत. डिस्क धडधडत राही आणि प्रोसेसर हात बांधून बसे. प्रोसेसर रिकामा दिसतो म्हणून आणखी कामे आत घेतली जात आणि गर्दी वाढे. एमआयटीतले पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याचे कारण दाखवले. प्रत्येक कामाला एका वेळी पानांचा एक ठरावीक संच जवळ लागतो, तो त्यांनी ‘कार्यसंच’ म्हणून मांडला. तो संच मोडायचा नाही. पूर्ण संच मावत नसेल तर ते काम तात्पुरते बाजूला ठेवायचे, पण अर्ध्या संचावर चालवायचे नाही. हेही एक प्रकारे ‘सोडून’च आहे. पण इथेही काय सोडायचे ते वापरावरून यंत्रच ओळखते. आपल्या कोणत्या पानाची किंमत काय, हे सांगायला माणसाला अजून कोणी बोलावलेले नाही.

ते बोलावणे मला पहिल्यांदा सापडले बर्कलीमध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठात ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी १९७९ च्या अखेरीस युनिक्सला व्हॅक्स यंत्रावर पानांची स्मृती दिली. व्हॅक्सची अडचण अशी की त्यात ‘हे पान वापरले’ अशी खूणच नव्हती. म्हणून त्यांनी सापळा रचला. चांगल्या पानावर मुद्दाम ‘अवैध’ असा शिक्का मारायचा. कार्यक्रम त्याला हात लावायला गेला की तो अडखळतो, कर्नलला कळते की हे पान चालू आहे, आणि शिक्का काढला जातो. चोर पकडण्यासाठी पीठ पसरून पावलांचे ठसे पाहावेत तसे.

त्याच प्रणालीत एक नवी सोय होती, कर्नलला सल्ला देण्याची. लिस्प भाषेतले कार्यक्रम मधूनमधून आपली सगळी स्मृती झाडून काढत. त्या वेळी त्यांचा पानांचा वापर इतका विस्कळीत असे की मागच्या दहावीस सेकंदांच्या निरीक्षणावरून पुढचे काहीच कळत नसे. अशा कार्यक्रमाने आधी सांगून ठेवायचे, की आता माझ्या वागण्यावरून अंदाज बांधू नका. मॅन्युअलमध्ये हे फार साधेपणाने लिहिले आहे, पण मला तो मोठा कबुलीजबाब वाटतो. वापर बघून किंमत ठरवणे नेहमी बरोबर येत नाही, आणि ते केव्हा चुकणार हे बाहेरच्या माणसाला आधी कळू शकते, हे कर्नल लिहिणाऱ्यांनी मान्य केले.

लिनक्समध्ये पानांची ने-आण १९९१ च्या नाताळात आली. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे दोनच मेगाबाइट स्मृती होती आणि त्याला कर्नल स्वतः संकलित करायचा होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुट्टीत बसून ती सोय लिहिली. पुढे या भागावरून लिनक्समध्ये जेवढे वाद झाले तेवढे क्वचितच कशावरून झाले असतील. सप्टेंबर २००१ मध्ये, स्थिर म्हणवणाऱ्या २.४ मालिकेच्या ऐन मध्यावर, रिक व्हॅन रील यांची पद्धत काढून आंद्रेआ आर्कान्जेली यांची बसवली गेली. त्या भांडणाचा तपशील मी इथे गाळतो. आपल्या कामाचे आहे ते सात वर्षांनंतरचे.

कार्यक्रमाला आपली काही पाने कुलूपबंद करण्याची मुभा युनिक्समध्ये आधीपासून होती. संदेश गुप्त ठेवणारा कार्यक्रम आपली किल्ली अशा पानावर ठेवतो, कारण ते पान एकदा डिस्कवर गेले तर वीज बंद केल्यावरही तिथे राहते आणि चोराच्या हाती लागू शकते. कुलूप मिळाले नाही तर असा एक प्रसिद्ध कार्यक्रम, जीएनयूपीजी, वापरणाऱ्याला इशारा देई की आपण असुरक्षित स्मृती वापरत आहोत. म्हणजे इथे प्रश्न वेगाचा राहतच नाही. ते पान तासन्‌तास वापरले जात नसेल, कोणत्याही हिशेबाने ते काढण्याजोगे असेल, तरी ते काढायचे नाही.

मात्र कर्नलच्या बाजूने हे फार अडाणीपणाने चाले. काढण्याजोगे पान शोधताना तो सगळ्या पानांच्या यादीवरून फिरे, कुलूपबंद पान हाताला लागले की उचलून पाही, पुन्हा ठेवून देई. स्मृती काही मेगाबाइट होती तोवर हे खपून गेले. मोठ्या सर्व्हरांवर ती डझनांनी गिगाबाइट झाली, तेव्हा कर्नल लक्षावधी न काढता येणारी पाने पुन्हा पुन्हा तपासत बसू लागला. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२८ मध्ये ली शेर्मरहॉर्न आणि रिक व्हॅन रील यांच्या कामातून यादीच वेगळी झाली. न काढता येणारी पाने एका बाजूला, त्यांच्याकडे फिरकायचेच नाही. उरलेल्या पानांतही दोन जाती केल्या. एखाद्या फाइलमधून आलेली पाने, ज्यांची प्रत डिस्कवर आहेच. आणि ज्यांच्यामागे कोणतीही फाइल नाही अशी. या दुसऱ्या जातीला कर्नलच्या भाषेत ‘अनामिक’ म्हणतात. आपण टाइप करत असलेला, अजून न साठवलेला मजकूर अनामिक पानांवर असतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, २.६.२५ या आवृत्तीत, आयबीएममधल्या बलबीर सिंग यांच्या पुढाकाराने स्मृतीचे गट पाडण्याची सोय आली होती. एका यंत्रावर अनेक भाडेकरू राहतात, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजायचा. जात आणि गट, या दोन ओळखी पानाला २००८ मध्ये मिळाल्या, आणि पंधरा वर्षांनी फिल्टर लिहिले गेले तेव्हा आधी याच दोन कामी आल्या.

पान काढून भागत नाही तेव्हा कर्नल एक अख्खा कार्यक्रमच मारून टाकतो. त्याचा इथे उल्लेख हवा, कारण ‘हे सोडून’ या मागणीचा सर्वांत बोचरा प्रसंग तिथला आहे. २००४ मध्ये एका विकासकाने तक्रार मांडली की स्मृती संपली तेव्हा कर्नलने नेमका पडद्याला कुलूप लावणारा कार्यक्रम मारला. म्हणजे मालक जागेवर नसताना संगणक सताड उघडा. अशा कार्यक्रमाला माफी देण्याची सोय त्याने सुचवली. त्यावर आंद्रीस ब्रॉवर यांनी एक दृष्टांत दिला. एका विमान कंपनीला कमी इंधनावर उडणे स्वस्त पडते. क्वचित इंधन संपत आले तर एका प्रवाशाला बाहेर फेकायचे. मग कोणाला फेकावे यावर मोठे शास्त्र उभे राहते. सर्वांत जाड, की सर्वांत म्हातारा? पैसे भरणाऱ्याला सूट द्यावी का? आणि सर्वांत जाड माणूस वैमानिकच निघाला तर?

ब्रॉवर यांचा रोख असा होता की मुळात इंधन पुरेसे घ्या. तो बरोबरच होता, पण जग तसे चालले नाही. २०१० पासून लिनक्समध्ये प्रत्येक कार्यक्रमाला उणे १००० ते अधिक १००० असा एक आकडा लावता येतो. उणे १००० म्हणजे याला कधीच मारू नका. वैमानिकाला सूट मिळाली.

आता फिल्टरकडे. सेओंगजे पार्क या कोरियन संशोधकाने ॲमेझॉनमध्ये असताना डेमॉन नावाची यंत्रणा लिहिली. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या लिनक्स ५.१५ मध्ये ती दाखल झाली. तिचा प्रश्न जुनाच होता, कोणती पाने पडून आहेत? पण बेचाळीस लाख पाने सतत एकेक तपासणे परवडत नाही. पार्क यांनी शिरगणती सोडून नमुना पाहणी घेतली. शेजारशेजारच्या पानांचा एक प्रदेश करायचा आणि त्यातले कोणतेही एक पान तपासायचे. ठरलेल्या मूळ मांडणीत दर पाच मिलिसेकंदांनी नमुना घेतात आणि दर शंभर मिलिसेकंदांनी बेरीज करतात. दोन लगतचे प्रदेश सारखेच वागत असतील तर ते जोडायचे. मग प्रदेशांचे पुन्हा तुकडे पाडून बघायचे, वागणूक वेगळी निघते का. प्रदेशांची संख्या साधारण दहा ते हजार यांच्यामध्ये ठेवायची. त्यामुळे स्मृती कितीही मोठी असली तरी पाहणीचा खर्च हाताबाहेर जात नाही.

ही कल्पना मला मनापासून सुंदर वाटते, आणि तिच्यातला धोकाही तिथेच आहे. एका पानावरून अख्ख्या प्रदेशाचा निकाल लागतो. पुढच्याच आवृत्तीत, जानेवारी २०२२ मध्ये, या पाहणीला कृती जोडली गेली. अमुक इतका काळ ज्या प्रदेशाला कोणी हात लावला नाही, तो बाहेर काढा. यासाठीच लिहिलेल्या एका भागात तो काळ मूळ मांडणीत १२० सेकंदांचा आहे. पण यंत्राची भौतिक स्मृती म्हणजे मिश्र वस्तीची चाळ. शेजारशेजारची पाने एकाच कार्यक्रमाची असतील असे नाही. एक फाइलचे, दुसरे अनामिक, तिसरे भलत्याच भाडेकरूचे. प्रदेश थंड ठरला तर त्यातला गरम माणूसही रस्त्यावर येतो.

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.३ मध्ये याला उत्तर म्हणून फिल्टर आले. प्रदेशाचा निकाल लागला तरी कृती करण्याआधी प्रत्येक पानाला स्वतंत्र विचारायचे, तू अनामिक आहेस का? कोणत्या गटाचे आहेस? उत्तर जुळले तर त्याला सोडायचे. पुढे आणखी प्रश्न आले. ठरावीक पत्त्यांच्या पट्ट्यात आहेस का, अमुक कार्यक्रमाचे आहेस का, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो, आत्ता नुकताच तुला कोणी हात लावला आहे का? हा शेवटचा प्रश्न म्हणजे नमुना पाहणीने केलेल्या अन्यायावरचे अपील आहे. प्रदेशाचे काय व्हायचे ते होवो, पान जिवंत असेल तर ते उचलण्यापूर्वी कळते.

फिल्टर लिहिताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणती ओळख पाहायची. आणि जुळणारे सोडायचे, की न जुळणारे. दुसरी गोष्ट वाचताना दस्तऐवजात माणूस हमखास अडखळतो. मला ती स्वयंपाकघरात नेल्यावर सोपी झाली. पीठ चाळताना खाली पडते ते आपण घेतो आणि वर उरलेला कोंडा बाजूला करतो. तांदूळ चाळताना वर उरतो तो तांदूळ घेतो आणि खाली पडलेली कणी बाजूला. चाळण्याची क्रिया एकच, काय घ्यायचे ते चाळणीला ठाऊक नसते. ‘अनामिक पाने सोडून बाकीची काढा’ आणि ‘या गटाची नसतील ती सगळी सोडा’ ही दोन्ही वाक्ये एकाच फिल्टरने लिहिता येतात, आणि दुसरे वाक्य प्रत्यक्षात त्या एकाच गटावर गंडांतर आणते. पुढे ‘हे चालेल’ असे उघड परवानगीचे फिल्टरही जोडले गेले, तेव्हा वाक्ये जरा सरळ झाली.

आणखी एक बारकावा हिशेबाचा. पत्त्यांवरून किंवा कार्यक्रमावरून वगळलेली पाने डेमॉन आपल्या पाहणीच्या पातळीवरच बाजूला करतो. ‘प्रयत्न केला’ या रकान्यात ती मोजली जात नाहीत. अनामिक आहे का, कोणत्या गटाचे, ताजे आहे का, हे मात्र प्रत्यक्ष पानापाशी गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून ती पाने ‘प्रयत्न केला’मध्ये येतात, पण ‘कृती केली’मध्ये येत नाहीत. या दोन रकान्यांतला फरक पाहिला की फिल्टरने किती जणांना वाचवले त्याचा अंदाज येतो. वाचवलेल्यांचा असा माग ठेवणारी व्यवस्था मला माणसांच्या कारभारातही फार पाहायला मिळालेली नाही.

आता उरतो तो प्रश्न चाळणी कोणाच्या हातात असते हा. सर्वांना आपापली पाने कुलूपबंद करू दिली तर काढायला काहीच उरणार नाही, हे उघड आहे. म्हणून २००४ पर्यंत लिनक्समध्ये कुलूप लावण्याचा हक्क फक्त विशेषाधिकार असलेल्या कार्यक्रमांना होता. त्या वर्षी आलेल्या २.६.९ पासून तो सामान्य कार्यक्रमांना मर्यादेत मिळाला. ही मर्यादा बरीच वर्षे ६४ किलोबाइट होती, म्हणजे सोळा पाने. किल्ली ठेवायला पुरे, दुसऱ्या कशाला नाही. ५.१६ मध्ये ती आठ मेगाबाइट झाली, म्हणजे २०४८ पाने. स्वतःला उणे १००० हा आकडा सामान्य कार्यक्रम लावून घेऊ शकत नाही. डेमॉनचे फिल्टर तर यंत्राच्या प्रशासकानेच लावायचे.

घरच्या संगणकावर हा प्रशासक म्हणजे आपणच; निदान होऊ शकतो. फोनवर तसे नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, आणि तिथे कोणाला आधी मारायचे याचे आकडे प्रणाली स्वतः लावते. डोळ्यांसमोरच्या ॲपला शून्य, मागे पडलेल्यांना नऊशेच्या पुढे. अर्धी लिहिलेली कविता तशीच ठेवून आपण फोन घ्यायला वळतो, मग कोणीतरी पाठवलेला फोटो बघतो, मग कॅमेरा उघडतो. तेवढ्यात कवितेचे ॲप नऊशेच्या रांगेत गेलेले असते. ॲप लिहिणाऱ्याने मजकूर वेळीच साठवला असेल तर ती वाचते. तिची पाने अनामिक आहेत, काही मिनिटे अस्पर्श आहेत, आणि कर्नलच्या लेखी त्यांच्यात आणि पडून राहिलेल्या जाहिरातीच्या पानांत फरक करण्याजोगे काहीही नाही.

काही कंपन्यांच्या फोनवर नुकत्याच उघडलेल्या ॲपांच्या यादीत एखाद्या ॲपवर बोट दाबून धरले की छोट्या कुलपाचे चिन्ह लावता येते. ते लावल्यावर आत नेमके काय होते हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते.